हिरव्या घराची मापं

मंगळवार, ३ सप्टेंबर

हसले मी. सगळ्यांत मोठ्याने हसले!

सर पडद्यावर फोटो दाखवत होते. विषय – 'आजारी घरं'. वळणरस्त्यापलीकडच्या नव्या वस्तीत फिरून त्यांनी स्वतः काढलेले फोटो. "ही घरं नव्हेत, ही त्वचारोगाची लक्षणं आहेत." सरांना स्वतःची वाक्यं फार आवडतात. बोलून झालं की दोन सेकंद थांबतात, आम्ही उतरवून घ्यावं म्हणून. आम्ही घेतो.

सहावा फोटो. पोपटी टाइल्स – बाथरूममध्ये लावतात त्या – सरळ दर्शनी भिंतीला, खालपासून वरपर्यंत. पोट सुटलेले दोन खांब, ज्यांच्यावर काहीही उभं नाही. फाटकाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे सिंह. नुकते दात येत असलेल्या बाळासारखे हसणारे.

सिंह मी ओळखते. त्यांचा साचा आमच्या मागच्या शेडमध्ये पडलेला असतो. एकदा त्यात मांजर व्याली होती.

सर म्हणाले, "ज्या मिस्त्रीने हे केलंय त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं." वर्ग फुटला. आणि मी – मिस्त्रीची मुलगी – बाकावर हात आपटून हसले.

घरी येऊन दोनदा तोंड धुतलं. हसू तोंडाला चिकटून बसल्यासारखं वाटतंय. शी.

बुधवार, ४ सप्टेंबर

आर्किटेक्चरच्या या सत्राचा प्रकल्प तोच. दोघादोघांनी एक आजारी घर निवडायचं, इंच न् इंच मोजायचं आणि मग 'उपचार' करायचे. काय कापायचं, काय ठेवायचं, नवं काय घालायचं. महिनाअखेरीस ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढे मांडणी.

माझी पार्टनर टाचणी. अंगानेही टाचणी, बोलण्यातही. आधीच पुढे जाऊन फोटो उचलून आली. "हे घेतलं! सिंहवालं! सगळ्यांत घाण आहे, काम करायला मजा येईल."

मी म्हटलं, "बरं."

बरं!! दुसरं काही सुचू नये?

रविवार, ८ सप्टेंबर

बाबांनी मोबाइलवर एका नव्या फाटकाचा फोटो दाखवला. लोखंडी सूर्य, त्याला डोळे आणि मिशा. "कसं वाटतं?"

"छान."

"नक्की?"

"छान आहे म्हटलं ना बाबा."

आनंदाने फोन खिशात टाकला. मला माझ्या त्या 'छान'ची किळस येते. चार वर्षं हा एकच शब्द त्यांच्या ताटात वाढतेय. ते विचारतात, मी वाढते. खरं बोलायचं तर कुठून सुरुवात करणार? सूर्याच्या मिशांपासून?

"सर सध्या काय शिकवतात?" – जेवताना.

"घरं."

"मग बरंय," म्हणाले. "आपलंच काम."

मी ताट उचललं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मापं घ्यायला गेलो. घरात दोघी बहिणी. धाकटी निवृत्त नर्स, बुटकी, तुरुतुरु चालणारी. थोरलीला ऐकू कमी येतं; ती दिवसभर वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसते. नर्सबाईंनी आम्हाला बिस्किटं दिली आणि टेपचं टोक धरायला स्वतः उभ्या राहिल्या.

एकही कोपरा काटकोनात नाही! पुढची खोली एका बाजूला बारा फूट तीन, समोरच्या बाजूला अकरा दहा. जिन्याच्या पायऱ्या सगळ्या वेगळ्या उंचीच्या. बाथरूमचं दार उघडलं की जिन्यावरच्या माणसाच्या कपाळावर बसतं. टाचणी प्रत्येक मापाला खिदळत होती. मी आकडे लिहीत होते आणि कानशिलं तापत होती. हा माणूस ओळंबा लावतो तरी का? की नुसता गळ्यात अडकवून फिरतो?

टाइल्सबद्दल टाचणीने विचारलंच. नर्सबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या पांढऱ्या भिंती बघितल्या गं. मला रंग हवा होता. मिस्त्री नको नको म्हणत होते. बाहेर लावू नका, शोभणार नाही म्हणाले. मी म्हटलं, घर माझं आहे की तुमचं?"

"मग लावल्या?"

"लावल्या की! फार भला माणूस. मन मोडवत नाही त्यांच्याकडून कुणाचं." मग माझ्याकडे बघून, "त्यांची मुलगीही हेच शिकतेय म्हणे, तुमच्यासारखंच."

मी टेप गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले.

म्हणजे त्यांना कळत होतं! शोभणार नाही हे कळत होतं आणि तरी लावल्या. हे तर जास्तच वाईट. डोळे नसलेल्या माणसाला माफ करता येतं. पाठीचा कणा नसलेल्याला काय करायचं?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दिवसभर मॉडेल. बोटांच्या टोकांवर गोंद वाळून दुसरी कातडी आलीय. जेवताना तीच सोलली. टाचणी म्हणाली, "तू साप आहेस."

सोमवार, १६ सप्टेंबर

पहिला आराखडा फाडला. टाइल्स काढल्या, खांब काढले, सिंह काढले, सगळं पांढरं केलं, मोठ्या काचा लावल्या. फार स्वच्छ दिसत होतं. चहाचा कप ठेवून परत बघितलं तर – दवाखाना! नर्सबाईंना पुन्हा ड्युटीवर पाठवलं मी.

दुसरा आराखडा. वीट, लाकूड, कोपऱ्यात एक झाड. हे तर प्रत्येकाच्याच शीटवर आहे. सीनियर्सच्या, त्यांच्या सीनियर्सच्या. तेच झाड, त्याच्याखाली पुस्तक वाचणारी तीच बाई. माझं स्वतःचं म्हणून नेमकं काय आहे? नावं ठेवण्यात मी पटाईत. बाबांना ठेवते, सरांना ठेवते, झाडाखालच्या बाईलाही ठेवते. रेघ ओढायची वेळ आली की हात दुसऱ्याचा.

दोन्ही आराखडे टोपलीत.

बुधवार, १८ सप्टेंबर

मधली तपासणी. सर आमच्या शीटपुढे बराच वेळ उभे. मग बोट ठेवलं ते गॅलरीवर.

"हे बघा. सगळ्या उकिरड्यात ही एक प्रामाणिक रेषा आहे. खाली खांब नाही, तुळई नाही. भिंतीतून सहा फूट सरळ बाहेर. आणि कड किती पातळ! हा हात त्या मिस्त्रीचा नव्हेच." दोन सेकंद. "हे ठेवा. बाकी सगळं हिच्या भोवती रचा. ही तुमची नायिका."

मला पटलं, हे लिहिताना लाज वाटतेय. मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं. ती गॅलरी त्या घराची वाटतच नाही. बाबांनी कुठल्या तरी मासिकात बघून उचलली असणार. एकदाच आयुष्यात चांगलं काही उचललं!

संध्याकाळी पहिल्यांदा हात मोकळा चालला. गॅलरी तशीच ठेवली. तिच्याच पातळीवर आत एक लांब ओटा ओढला, थोरल्या बहिणीला पावसात आत बसून रस्ता दिसेल असा. पोपटी रंगही ठेवला – पण आत, जिन्याच्या भिंतीला, वर जाताना उजेडाबरोबर गडद होत जाणारा. कुणाच्या शीटवर नाही हे. माझं आहे. टाचणी बघून काहीच टोचून बोलली नाही, म्हणजे बरं असावं.

शनिवार, २१ सप्टेंबर

गॅलरीची नीट मापं राहिली होती म्हणून परत गेलो.

जमिनीपासून गॅलरीच्या तळापर्यंत, भिंतीलगत – नऊ फूट चार. बाहेरच्या कडेला – नऊ फूट अडीच इंच. टाचणी म्हणाली, "टेप नीट धर." धरला. परत तेच. मी गेले तिच्या टोकाला, ती आली माझ्या. तेच! पाण्याची नळी आणून लेव्हल घेतली. कड दीड इंच खाली उतरलीय.

वर गेलो. थोरल्या बहिणीची खुर्ची, रेडिओ, आणि कठड्याला लागून कुंड्या. मोजल्या – बावीस. ओल्या मातीने भरलेल्या. भिंत आणि लादी जिथे मिळतात तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचा एक पट्टा. बाकीच्या लादीपेक्षा नवा. त्या पट्ट्याच्या मधोमध पुन्हा फट. माझी पट्टी आत गेली. तीन इंच आत गेली! स्लॅबची जाडी चारच इंच आहे.

थोरल्या बाई खुर्चीत बसून माझ्याकडे बघून हसत होत्या.

नर्सबाईंना विचारलं, हा पट्टा कधीचा. "मागच्या वर्षी जराशी चीर गेली होती. मिस्त्री स्वतः येऊन बुजवून गेले. एक पैसा घेतला नाही हो!"

मी पट्टीवरचा चुरा पुसत राहिले. मी! जिची जीभ वर्गात कधी टाळ्याला लागत नाही. टाचणीच म्हणाली, "मावशी, दोन-चार दिवस इथे कुणी बसू नका. कुंड्या खाली काढा." नर्सबाई म्हणाल्या, "ताईला कोण सांगणार? ती इथून हलायची नाही."

माहीत होतं त्यांना. माहीत होतं, आणि वरून लिंपून आले.

रविवार, २२ सप्टेंबर

बाबा मागच्या अंगणात थापी धूत होते.

"हिरव्या घराची गॅलरी खाली आलीय," मी म्हटलं.

धुणं चालूच. "किती?"

"दीड इंच."

तेव्हा हात थांबले. "मागच्या वर्षी एक होती."

असं म्हणाले. जशी काही पोराची उंची सांगताहेत!

मग मी सुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जेवढं आठवतं तेवढं पुरे आहे. सळ्या कमी टाकल्या ना? बाबा म्हणाले, "सळ्या पुऱ्या आहेत." मग काय कमी आहे? "जाडी," म्हणाले. "आणि खांब." मग दिले का नाहीत खांब? नको तिथे दोन दोन खांब उभे केलेत शोभेचे, आणि हवा होता तिथे एक नाही? त्यांनी थापी पुन्हा पाण्यात बुडवली. मी म्हटलं, फट बुजवून वर रंग मारण्याला काय म्हणतात ठाऊक आहे?

"काय म्हणतात?"

"फसवणूक म्हणतात. दोन म्हाताऱ्या राहतात तिथे!"

"कुंड्या काढा म्हणून सांगितलं होतं मी."

"कुंड्या!"

"चूक झाली," बाबा म्हणाले.

"कुणाची?"

थापी पुसली. उलटी करून पुन्हा पुसली. "बांधलं मी ना? मग माझीच."

आई दारात येऊन उभी होती. "तोंड सांभाळ जरा. बापाशी बोलतेयस. अगं, तुला माहीत तरी आहे का –"

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. आईला! इतक्या वर्षांत आईला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ज्याचं मन त्याला खातं तो असाच दुसऱ्यांची तोंडं बंद करतो.

आई आत गेली. मग त्यांनी विचारलं, "तू तिथे कशाला गेली होतीस?" मी सांगितलं. सगळं सांगितलं – फोटो, आजारी घरं, डोळ्यांचा डॉक्टर. मुद्दाम एकही शब्द गाळला नाही.

"मुलं हसली असतील," बाबा म्हणाले.

"हो."

"तू?"

ते पुन्हा थापी धुवायला लागले. ती कधीच स्वच्छ झाली होती.

सोमवार, २३ सप्टेंबर

बाबा मी उठायच्या आधीच बाहेर. आई माझ्याशी बोलत नाही. डबा मात्र भरून ठेवला होता.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सरांना सांगितलं. "सर, ती गॅलरी पडणार आहे."

"सगळंच पडतं शेवटी." आणि दोन सेकंद थांबले!

मी उतरवून घेतलं नाही. म्हटलं, दीड इंच खाली आलीय, मुळाशी फट आहे, एक बाई रोज तिथे बसतात. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, ज्युरीत आपण आर्किटेक्चर बघतो, गवंडीकाम नाही. ही तुमच्या शीटवरची सगळ्यात ताकदवान गोष्ट आहे, ती आता बदलू नका.

"पण सर, त्या बाई –"

"मग शीटवर कोपऱ्यात एक टीप टाक."

टीप टाक!! उजव्या कोपऱ्यात, लहान अक्षरात – 'सदर गॅलरी कोसळणार आहे.' खाली पुस्तक वाचणारी बाई.

जिने उतरताना रेलिंगला हात लावावासा वाटला नाही. सगळं बुळबुळीत वाटत होतं. चार वर्षं या माणसाची वाक्यं मी वहीत लिहिली, घरी येऊन बाबांच्या खांबांवर घासून बघितली. इथे एक लिंपतो, तिथे एक टीप टाकतो. फरक काय? सरांची अक्षरं सुबक, एवढाच.

बुधवार, २५ सप्टेंबर

टाचणीला सांगून टाकलं. कॉलेजच्या पायऱ्यांवर, ती सफरचंद खात होती.

"तो मिस्त्री माझे वडील आहेत."

चावणं थांबलं. "मग त्या दिवशी हसलीस कशाला?"

"तू हसलीस म्हणून."

"मी तर तू हसलीस म्हणून हसले," टाचणी म्हणाली. "मला तो सिंह आवडला होता."

मग तिने उरलेलं सफरचंद माझ्या हातात दिलं. तिचा मामा स्ट्रक्चरवाला इंजिनियर आहे, त्याला ती फोन करणार आहे. शनिवारी मामाला घेऊन जायचं. नर्सबाईंना मी स्वतः सांगणार – कुणी लपवलं तेही, आणि मी कोण तेही. बाबांचं नाव गेलं तर जाऊ दे. ते त्यांनीच घालवलंय.

आता ठरल्यावर थोडी झोप येईल.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

जेवताना बाबांच्या हातावर खरचटलेलं दिसलं, कोपरापर्यंत. विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. उद्या सकाळी दहाला.

शनिवार, २८ सप्टेंबर

गॅलरीखाली आठ लोखंडी टेकू. घट्ट, ओळीत, ओळंब्यात. बावीस कुंड्या अंगणात. थोरल्या बाई फाटकाशी, सिंहाशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. मामांनी टेकू हलवून बघितले, म्हणाले, "काम पक्कं आहे. कुणी केलं?"

"मिस्त्रींनी. सोमवारपासून रोज येताहेत," नर्सबाई म्हणाल्या. "माझा अंदाज चुकला, आता खाली खांब देऊन नवीन करून देतो, म्हणाले." मग आत जाऊन घराच्या कागदांची पिशवी घेऊन आल्या. "हा मूळ नकाशा. तुमच्या उपयोगी पडेल."

वहीचं पान. पेन्सिलीने काढलेली गॅलरी. कडेला 'सहा फूट', 'चार इंच – याहून जाड नको'. पहिल्या वर्षी कॉलेजात आमच्याकडून घोटून घेतलेली ती तिरकी, ऐटबाज अक्षरं. टाचणीने ओळखली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

खाली बाबांचं वेडंवाकडं अक्षर – 'खांब देऊ का?'

त्याच्याखाली माझं – 'नको नको नको!! बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही.'

मला हा कागद आठवतच नाही.